स्टीलची नावपट्टी आणि साडेअडतीस टक्के

भिंगारच्या सत्यवान उजागरे यांनी आयुष्यात एकदाच परदेशातून वस्तू आणली. ती आणताना सरकारला एक रुपयाही द्यायची गरज नव्हती. तरी त्यांनी सतरा हजार सहाशे त्रेचाळीस रुपये भरले, त्याची पावती घेतली, आणि पावतीवरचं वर्णन अपुरं आहे म्हणून ती दुरुस्तही करून घेतली. ही हकीकत भिंगारच्या बाजारात आजही चारपाच प्रकारे सांगितली जाते आणि प्रत्येक प्रकारात उजागरे मागच्यापेक्षा थोडे अधिक येडे ठरतात. तेव्हा एकदा ती नीट सांगून टाकलेली बरी.

उजागरे लष्कराच्या डेपोत चौतीस वर्षं स्टोअरकीपर होते. तिथं टाचणी आत आली तरी तिची नोंद आणि बाहेर गेली तरी तिचा गेटपास. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण डेपो काही अंगातून गेला नाही. घरात गॅसची टाकी आली की तिच्यावर खडूनं तारीख पडे. शेजारी वाटीभर साखर गेली की उजागरे सहज विचारल्यासारखं विचारत, "वाटी कुठली नेली?" माणूस वाईट नव्हता. वस्तू जिथली तिथं आणि कागदावर असली की त्यांना शांत झोप लागे, इतकंच.

रेबेकाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, गल्लीच्या टोकाच्या लहानशा चर्चमध्ये पायपेटी वाजवत. एकतीस वर्षं, एकही रविवार न चुकवता. मुलगी ग्लोरिया झाली त्या आठवड्यातसुद्धा त्या बाळाला शेजारच्या बाकावर निजवून वाजवत होत्या. पायपेटी त्यांच्याहून म्हातारी. तिचा भाता सायकलच्या ट्यूबची ठिगळं लावून पंक्चरवाल्यानं दोनदा दुरुस्त केलेला. गेल्या पावसाळ्यापासून तिचा एक सूर दाबला की वर येईना, आणि सगळ्या गीताभर तो मागे रडत राही. मंडळीला, म्हणजे चर्चला येणाऱ्या सगळ्यांना, त्याची सवय झाली होती. पाळकसाहेब तर प्रार्थनासुद्धा त्याच सुरात सुरू करू लागले होते.

आता चर्चमधल्या नावांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथं आहे. त्या चर्चमध्ये बिननावाची वस्तू नाही. पंख्यांच्या पात्यांवर लाल रंगात 'कै. अमुक यांचे स्मरणार्थ' लिहिलेलं आहे. पंखे फिरत असले की ते वाचता येत नाही, म्हणून ज्यांच्या घरचा पंखा ती मंडळी थंडीची वाट बघतात. बाकांवर नावं आहेत, घड्याळावर आहे, दानाच्या तबकांवर आहे, चपला ठेवायच्या मांडणीवरही आहे. नाव फक्त मेलेल्या माणसाचं लागतं. हा ठराव चर्चच्या पंच कमिटीनं फार पूर्वी केला. तेव्हा एका हयात गृहस्थांनी स्वतःच्या नावाचा सागवानी बाक दिला होता. पुढे त्यांचं कमिटीशी वाजलं, त्यांनी चर्च बदललं आणि जाताना हातगाडी आणून बाक घेऊन गेले. मेलेला माणूस बाक उचलून नेत नाही, हे कमिटीच्या लक्षात आलं.

एकदा भाकरी थापता थापता रेबेकाबाई म्हणाल्या, "माझं नाव तिथं लागायचं तर मला आधी मरावं लागेल. आणि मग वाजवायचं कोणी?" बोलून त्या हसल्या आणि तव्यावरची भाकरी उलटली. त्यांच्या बाजूनं विषय तिथंच संपला. उजागऱ्यांच्या बाजूनं मात्र तो तिथं सुरू झाला. एकतीस वर्षांची हजेरी, आणि नोंद कुठंच नाही. डेपोत असं झालं असतं तर चौकशी बसली असती.

त्यात ऑक्टोबरमध्ये एका रविवारी पायपेटीचा भाता मधोमध फाटला. पंच कमिटीचे सेक्रेटरी नोहा साळवे म्हणाले की नवीन वाद्यासाठी निधी गोळा करू, आणि तोपर्यंत मोबाईलवर गीत लावून स्पीकर जोडू. नोहा साळवे तलाठी कार्यालयातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं 'तोपर्यंत' किती लांब असतं हे सगळ्या भिंगारला माहीत होतं. पुढचे दोन रविवार रेबेकाबाई स्पीकरशेजारी हात मांडीवर ठेवून बसल्या, आणि उजागऱ्यांना ते बघवलं नाही.

ग्लोरिया दुबईला नर्स आहे. तिचा फोन आला तेव्हा उजागऱ्यांनी हे सांगितलं. दोन दिवसांनी तिचा उलट फोन आला, "पप्पा, इथं सेल लागलाय. मोठा की-बोर्ड, एकसष्ट पट्ट्यांचा, जवळजवळ निम्म्या किमतीत. नाहीतरी तुम्ही मला भेटायला कधी येणार होता? तिकीट मी काढते."

हिशेब सरळ होता. नगरच्या वाद्यांच्या दुकानात तोच की-बोर्ड साडेएकसष्ट हजारांना होता, दुबईत सुमारे पंचेचाळीस हजार आठशेला. रेबेकाबाई भाता फाटलेला असला तरी रविवार सोडून यायला तयार नव्हत्या. त्यांनी फक्त एवढं सांगितलं की की-बोर्डची लांबी-रुंदी फोनवर कळवा, खोळ विणायला घेते. त्यांच्या घरात टीव्ही, मिक्सर, फ्रिजची मूठ आणि विजेचा मीटर या सगळ्यांना क्रोशाच्या खोळी आहेत. आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली. बँकेत वीस हजार वेगळे ठेवलेत ते दातांचे आहेत, त्यांना हात लावायचा नाही. उजागऱ्यांच्या खालच्या जबड्यात तेव्हा चार दात उरले होते.

आखाती देशांच्या प्रवासातले भिंगारमधले तज्ज्ञ म्हणजे शेजारचे मोहियोद्दीनभाई. ते स्वतः कधी गेलेले नाहीत, पण त्यांचे दोन साडू शारजात आहेत. बातमी कळल्याबरोबर ते खुर्ची घेऊनच आले.

"उजागरेसाब, पहिली गोष्ट. उतरल्यावर दोन रस्ते असतात. लाल आणि हिरवा. तुम्ही हिरव्यानं जायचं."

"हिरवा कशाचा?"

"ज्याच्याकडं काही सांगण्यासारखं नाही त्याचा."

"पण माझ्याकडं असेल ना."

मोहियोद्दीनभाईंनी दीर्घ श्वास घेतला. "पन्नास हजारापर्यंत माफ असतं साब. तुमचं पंचेचाळीस. म्हणजे तुमच्याकडं सांगण्यासारखं काहीच नाही. खोकं तिथंच टाकून द्या. की-बोर्ड बगलेत मारायचा आणि कलाकारासारखं चालायचं. कस्टमवाल्याच्या डोळ्यात बघायचं नाही."

"आणि त्यानं वाजवून दाखवा म्हटलं तर?"

याचं उत्तर साडूंना विचारून सांगतो म्हणाले.

मोहियोद्दीनभाईंचा भाचा मुजफ्फर बाजारात भांड्यांवर नावं घालतो. उजागरे त्याच्याकडे गेले आणि कोणाला न सांगता स्टीलची एक पट्टी करून घेतली. सहा इंच बाय दीड इंच, चार कोपऱ्यांना चार भोकं. वर मजकूर: 'सौ. रेबेका सत्यवान उजागरे यांजकडून भिंगार मंडळीस उपासनेसाठी सप्रेम भेट.' बेत असा की पट्टी दुबईतच बसवून घ्यायची. वस्तू इथं बिननावाची आली असती तर कमिटीनं ताब्यात घेतली असती, आणि मग ठराव, चर्चा, पुन्हा ठराव. पट्टीसकट आलेली वस्तू म्हणजे ती तशीच आली. डेपोत याला 'जशी मिळाली तशी जमा' म्हणत, आणि तसा शेरा एकदा पडला की पुढे कोणी प्रश्न विचारत नसे.

दुबईबद्दल फार सांगण्यासारखं नाही. उजागऱ्यांना ती स्वच्छ वाटली आणि सगळं बंद काचेआड वाटलं. दुकानातल्या मल्याळी कारागिरानं पट्टी की-बोर्डच्या मागच्या अंगाला, म्हणजे मंडळीकडे येणाऱ्या बाजूला, चार स्क्रूंनी बसवून दिली. ग्लोरियानं ती वाचली आणि काही वेळ फोनमध्ये बघितल्यासारखं केलं. मग म्हणाली, "मम्मीला माहीत आहे?" उजागरे म्हणाले, नाही. "मग सांगू पण नका," ती म्हणाली.

बारा दिवसांनी विमान उतरलं. सामानाच्या पट्ट्यावरून खोकं आलं. समोर दोन रस्ते होते, लाल आणि हिरवा, मोहियोद्दीनभाईंनी सांगितले होते तसेच. हिरव्यातून माणसं टीव्हीएवढी खोकी ढकलत खाली मान घालून चालली होती. लाल रस्ता झाडून ठेवलेल्या अंगणासारखा मोकळा होता. उजागऱ्यांनी क्षणभर विचार केला आणि लालमध्ये शिरले. वस्तू आत आणायची आणि गेटवर दाखवायची नाही, हे त्यांच्या पायांना जमणारं नव्हतं.

आत एक तरुण अधिकारी बसला होता. शर्टावर नावाची पट्टी होती, कानिफनाथ गर्जे. हे नाव पाथर्डीकडचं, हे नगर जिल्ह्यातल्या कोणालाही कळतं. उजागऱ्यांनी विचारलं आणि तो एकदम सैल झाला.

"व्हय, पाथर्डीचाच. तुमी भिंगारचे व्हय, काका? बसा की. काय आनलंय?"

उजागऱ्यांनी बिल पुढे केलं. त्यानं आकडा बघितला आणि बिल परत दिलं.

"ह्ये तर माफीतलं हाय. पन्नास हजारापोतर काय लागत न्हाई. तुमी हिकडं आलातच कशाला?"

"माल आणलाय म्हणून."

"माल समदेच आनत्यात, काका. जावा तुमी. एसटी चुकंल."

इथं ही गोष्ट संपायला हवी होती. कानिफनाथनं तर पुढचा डबाही उघडला होता, त्याची जेवायची वेळ झाली होती. पण उजागरे जागचे हलले नाहीत. म्हणाले, "काही लागत नाही, तर तसं लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"की माल तपासला आणि कर शून्य. सही, शिक्का, तारीख."

कानिफनाथनं डबा बंद केला. आपल्या नोकरीत पैसे न भरल्याची पावती कोणी मागितली नव्हती, असं त्यानं सांगितलं. उजागरे म्हणाले की उद्या गावात कोणी विचारलं, आणि भिंगारमध्ये विचारतातच, तर हातात कागद नको का? पोरगा भला होता. आपल्याकडचा म्हातारा आहे, द्यावं काहीतरी लिहून, असं त्याला वाटलं. पण 'तपासला' असं लिहायचं तर तपासायला हवं. म्हणून त्यानं खोकं उघडलं, आणि उघडता उघडता त्याच्या साहेब, एक चष्मेवाल्या मॅडम, चहाचा कप घेऊन तिथं येऊन उभ्या राहिल्या.

मॅडमना मराठी वाचता येत होतं, पण सावकाश. त्यांनी नावपट्टीवर बोट फिरवत मजकूर वाचला. मंडळी म्हणजे काय, हे त्यांनी कानिफनाथला विचारलं. त्यानं सांगितलं. त्यांनी चहाचा एक घोट घेतला.

"ये तो संस्था के लिए है," मॅडम म्हणाल्या. "छूट आपके अपने सामान पर है. ये आपका सामान नहीं है, लिखा हुआ है."

कानिफनाथ आपल्या परीनं भांडला. भेट द्यायला आणलेल्या वस्तूला सवलत असते, तो म्हणाला. माणसाला दिलेल्या भेटीला असते, मॅडम म्हणाल्या, मंडळ्यांना नाही. यावर दोघांनी एक जाडं पुस्तक काढलं आणि वीस मिनिटं वाचलं. पुस्तकात दोघांच्याही बाजूचं थोडं थोडं निघालं. शेवटी मॅडमचं खरं ठरलं, कारण त्या मॅडम होत्या. सवलत नाही, पूर्ण किमतीवर साडेअडतीस टक्के. सतरा हजार सहाशे त्रेचाळीस. तेवढं सांगून त्या कप ठेवायला आत गेल्या.

त्या वळल्याबरोबर कानिफनाथनं टेबलाचा खण उघडला आणि एक स्क्रू-ड्रायव्हर उजागऱ्यांच्या हातात ठेवला.

"काका, चार तर स्क्रू हायेत," तो हळूच म्हणाला. "काडा, पट्टी खिशात घाला. मी मॅडमला सांगतो, काका घरी वाजिवनार हायेत. घरी गेल्याव परत बसवा. कुनाचं काय जातंय?"

उजागऱ्यांनी स्क्रू-ड्रायव्हर पहिल्या स्क्रूच्या खाचेत बसवलाही. बसल्या जागी त्यांच्या डोळ्यांपुढे पुढचं सगळं आलं. पट्टी घरी जाईल. मग ती 'मागाहून बसवलेली' होईल. नोहा साळवे ठरावाचं पुस्तक काढतील. पट्टी फडताळात पडेल, पावत्यांच्या डब्याखाली. आणि रेबेका कधीतरी मरेल, त्यानंतर ती बाहेर काढून नावाआधी 'कै.' जोडून लावतील. उजागऱ्यांना आपल्या खालच्या चार दातांची आठवण झाली, कारण सतरा हजार कुठून येणार होते ते त्यांना माहीत होतं. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर ठेवला.

"राहू दे. भरतो," ते म्हणाले. "फक्त पावती नीट करा."

पावतीवर कानिफनाथनं लिहिलं होतं, की-बोर्ड, नग एक. उजागऱ्यांनी ती वाचून परत केली. वर्णन अपुरं आहे म्हणाले. एका वस्तूचं वर्णन असं असावं की ती वस्तू शंभर वस्तूंमधून ओळखता आली पाहिजे, हे त्यांनी डेपोत नव्या पोरांना चौतीस वर्षं शिकवलं होतं. कानिफनाथनं दुसरी पावती केली: की-बोर्ड, नग एक, मागील बाजूस चार स्क्रूंनी बसवलेली स्टीलची नावपट्टी, नाव सौ. रेबेका उजागरे, यांसह. मॅडमनी बाहेर येऊन ती वाचली, उजागऱ्यांकडे एकदा बघितलं आणि शिक्का मारला.

पुढचा प्रवास एसटीचा. कंडक्टरचं नाव मच्छिंद्र होतं, हे उजागऱ्यांना कळलं कारण त्यांनी ते विचारून घेतलं. त्यानं खोक्याचं सामानाचं तिकीट मागितलं आणि उजागऱ्यांनी तत्परतेनं काढलं, तेव्हा तो घाबरला. "बाबा, लोकं याच्यावर भांडत्यात," तो म्हणाला. "तुमी गपचिप पैशे देताय. तपासनीस तर न्हाई ना तुमी?" पुण्याहून पुढं बस भरली आणि सुप्याला कारखान्याची पाळी सुटून मुलं चढली. त्यातल्या एकानं खोक्यावर बसायला घेतलं. उजागऱ्यांनी आपली जागा त्याला दिली आणि सुपा ते नगर स्वतः खोक्याला धरून उभे राहिले. मुलगा बिचारा दोनदा म्हणाला, बाबा, तुम्ही बसा. उजागरे म्हणाले, यावर कर भरलेला आहे.

भिंगारमध्ये मोहियोद्दीनभाई रिक्षापाशीच होते. "कितीला पडला?" त्यांनी विचारलं. सलामसुद्धा नंतर झाला.

उजागरे आयुष्यात फारसं खोटं बोलले नव्हते, त्यामुळे त्यांना त्यातलं तंत्र येत नव्हतं. "बिल पंचेचाळीस हजार आठशे पंचवीसचं आहे," ते म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं. मोहियोद्दीनभाईंनी मात्र दोन दिवसांत ते सगळ्या बाजारात पोचवलं: माझ्या सल्ल्यानं गेले, हिरव्यातून आले, सोळा हजार वाचवले. लोक उजागऱ्यांना रस्त्यात थांबवून विचारू लागले. एका गृहस्थांना फ्रिज आणायचा होता, एकांना जावयासाठी लॅपटॉप. ज्या माणसाला चौतीस वर्षं कोणी घड्याळाची वेळसुद्धा विचारली नव्हती तो भिंगारमध्ये शहाणा म्हणून ओळखला जाऊ लागला. आणि खरं सांगायचं तर उजागऱ्यांना ते आवडलं. कस्टमची पावती त्यांनी पाकिटाच्या आतल्या कप्प्यात घडी करून ठेवली. ती रेबेकाबाईंनाही दाखवली नाही.

रविवारी ते सकाळी लवकर चर्चमध्ये गेले, की-बोर्ड स्टँडवर ठेवला आणि रेबेकाबाई यायच्या आत त्यावर खोळ घातली. पांढरी खोळ, लाल किनार, पुढून मागून वीतभर खाली येणारी. उपासनेच्या वेळी रेबेकाबाईंनी ती आपल्या बसायच्या बाजूनंच काढली आणि घडी करून बाकावर ठेवली. पट्टी मंडळीच्या बाजूला होती, त्यांना दिसायचा प्रश्न नव्हता. पहिलं गीत सुरू झालं आणि मंडळी गाताना पुढे वाकू लागली. दुसऱ्या गीताला मागच्या बाकांवरची दोघं उठून पुढे येऊन बसली. रेबेकाबाईंना वाटलं नवीन वाद्यावर आपलं काहीतरी चुकतंय. त्यांनी पदर सारखा केला, चष्मा पुसला आणि पाचही गीतं अतिशय जपून वाजवली.

आशीर्वाद झाल्यावर नोहा साळवे उभे राहिले. उभे राहण्यापूर्वी त्यांनी ठरावांचं पुस्तक काढलेलं होतं.

"सलाम, उजागरे. वाद्य छान आहे, मंडळी आभारी आहे," ते म्हणाले. "पण हयात व्यक्तीचं नाव लावायचं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. बाकाचं प्रकरण तुम्हीही बघितलंय. पट्टी आज काढू. बाईंनी दुखवून घेऊ नये."

रेबेकाबाई खोळ उचलत होत्या. त्या की-बोर्डच्या मंडळीकडच्या बाजूला आल्या आणि त्यांनी पट्टी वाचली. त्यांनी ती दोनदा वाचली असावी, कारण बराच वेळ त्या तशाच वाकून होत्या. मग खोळ छातीशी धरून त्या बाकावर बसल्या. कोणीतरी स्क्रू-ड्रायव्हर आणायला गेलं.

उजागऱ्यांचा हात पाकिटावर गेला. आतल्या कप्प्यात पट्टी वाचवणारा कागद होता. पण त्याच कागदावर आकडाही होता, आणि तो आकडा म्हणजे भिंगारमधला त्यांचा आठ दिवसांचा शहाणपणा. घडी घालून फक्त वर्णन दाखवता येईल का, याचा त्यांनी विचार केला. पण शिक्का बरोबर आकड्यावरच होता. त्यांनी पावती उघडली आणि पाळकसाहेबांच्या हातात दिली.

"मोठ्यानं वाचा," ते म्हणाले.

पाळकसाहेबांनी उपदेश वाचतात तशी पावती वाचली. वर्णन वाचलं, चार स्क्रू वाचले, नाव वाचलं. मग सतरा हजार सहाशे त्रेचाळीस वाचले. चर्चमध्ये पंख्यांचा आवाज येऊ लागला.

"सरकारनं ही वस्तू पट्टीसकट आत घेतली आहे," उजागरे म्हणाले. भाषा डेपोतली होती. "कर पट्टीसकट घेतला आहे. पट्टी काढली तर कागदावरची वस्तू आणि इथली वस्तू एक राहत नाही. मग इथं आहे ती वस्तू कुठून आली, याचं उत्तर सेक्रेटरींनी द्यावं लागेल. ठराव मागचा असेल, पण शिक्का केंद्र सरकारचा आहे."

नोहा साळव्यांनी पावती हातात घेतली. तीस वर्षं तलाठी कार्यालयात काढलेल्या माणसानं शिक्क्याच्या कागदावर शंका घेतलेली कोणी पाहिली नव्हती. त्यांनी तो उजेडाकडे धरला, पाठपोट बघितला आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आलेल्याला थांबायची खूण केली.

"पण हिरव्यातून आला होता ना तुम्ही?" मागून कोणीतरी विचारलं. "म्हणजे एकूण कितीला पडला?"

"त्रेसष्ट हजार चारशे अडुसष्ट," उजागरे म्हणाले. "विमानाचं तिकीट सोडून."

"नगरला साडेएकसष्ट आहे," तोच आवाज म्हणाला.

"आहे," उजागरे म्हणाले.

पट्टी राहिली. नोहा साळव्यांनी पुस्तकात नोंद केली की कस्टमच्या पावतीनुसार नावपट्टी हा वस्तूचाच भाग असल्यानं ती काढता येत नाही, आणि हा दाखला इतरांनी मागू नये. उजागरे घरी पोचेपर्यंत मोहियोद्दीनभाई ओट्यावर पाठ करून बसले होते. हिरव्याच्या सल्ल्याची बदनामी झाल्याचं त्यांना फार लागलं होतं, आणि पुढे महिनाभर त्यांनी उजागऱ्यांना फक्त हवामानाबद्दल विचारलं. फ्रिजवाले आणि लॅपटॉपवाले पुन्हा कधी थांबले नाहीत.

दुपारी रेबेकाबाईंनी ताट वाढलं.

"पट्टी काढली असती तर किती लागले असते?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"आणि दात?"

"पुढच्या वर्षी बघू. चार आहेत अजून."

रेबेकाबाईंनी त्यांच्या ताटातली भाकरी उचलली, वाडग्यात बारीक कुस्करली, वर आमटी ओतली आणि वाडगा त्यांच्यापुढे सरकवला. "मला न विचारता सगळं करायचं," त्या म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावून चुलीपाशी काहीतरी शोधायला गेल्या, वास्तविक त्यांच्या घरात चूल काढून गॅस आल्याला वीस वर्षं झाली होती.

तो सगळा आठवडा त्या खोळ घेऊन बसल्या होत्या. उसवत होत्या, पुन्हा विणत होत्या. उजागऱ्यांना वाटलं, पट्टी लपावी म्हणून खोळ आणखी लांब करत असतील. तिला नावाची हौस कधी नव्हतीच. आपण आपल्याच मनानं सगळं केलं.

रविवारी ते नेहमीप्रमाणे लवकर गेले. रेबेकाबाई आधीच येऊन गेल्या होत्या. की-बोर्डवर खोळ घातलेली होती, आणि तिच्या मंडळीकडच्या अंगाला, लाल दोऱ्यानं कड विणून, एक चौकट मोकळी सोडलेली होती. आतून पट्टी दिसत होती, पुसून लख्ख केलेली. उजागऱ्यांनी इकडंतिकडं बघितलं, खिशातून टेप काढला आणि चौकट मोजली. सहा इंच बाय दीड.